फटीत काय भरायचं? बाक आलेला पाय सरळ करताना हाडाच्या भरावाचा हिशोब

गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चा झिजलेली, पाय बाहेरच्या अंगाला बाक आलेला, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आणि सांधा बदलायची वेळ अजून आलेली नाही. अशा रुग्णाला हाय टिबियल ऑस्टिओटॉमी, म्हणजे एचटीओ (गुडघ्याखाली नडगीचं हाड कापून पाय सरळ करायचं ऑपरेशन) सुचवली की सोलापुरात दोन प्रश्न हमखास येतात. एक, "मांडी घालता येईल ना?" आणि दोन, "कापलेल्या हाडातली फट भरायला कमरेचं हाड काढणार का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. सांधा स्वतःचाच राहतो, त्यामुळे ऑपरेशनआधी गुडघा जितका वाकत होता, साधारण तितका नंतरही वाकतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र एका शब्दात उत्तर नाही. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. नवीन ऑर्थो रेसिडेंटना उपयोगी पडेल, आणि "डॉक्टर, कृत्रिम हाड घालायचं का आमचंच?" असं विचारणाऱ्या घरच्यांनाही.

आधी फट कशी तयार होते ते बघू. सध्या जास्त केली जाणारी पद्धत ओपन वेजची, म्हणजे हाडात पाचरीच्या आकाराची फट उघडायची. नडगीच्या हाडाला, म्हणजे टिबियाला, आतल्या बाजूनं सांध्याच्या रेषेखाली साधारण 35 ते 40 मिमीवर काप सुरू करायचा आणि फिब्युलाच्या, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या, डोक्याच्या दिशेनं तिरका वर न्यायचा. बाहेरची कड पूर्ण कापायची नाही. तिथं 5 ते 10 मिमी हाड शिल्लक ठेवायचं. ते बिजागरीचं काम करतं. मग छिन्न्या एकावर एक सरकवत फट हळूहळू उघडायची, प्रत्येक छिन्नीनंतर मिनिट-दोन मिनिटं थांबून. इथं घाई केली की बिजागरी तडकते. वजनाची रेषा आतून बाहेर सरकवून टिबियाच्या पठाराच्या (गुडघ्यातला तिचा वरचा सपाट भाग) रुंदीच्या साधारण 62.5 टक्क्यांवर, म्हणजे मध्यापासून किंचित बाहेर, आणायची हे जपानी सर्जन फुजिसावांनी 1979 मध्ये दाखवलेलं गणित आजही वापरात आहे. आता बरेच जण 55 ते 60 टक्क्यांवरच थांबतात, पण तो वेगळा वाद आहे.

"एक अंश म्हणजे एक मिलिमीटर" हा ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो आणि तो फसवतो. कापाची लांबी 57 मिमीच्या आसपास असेल तेव्हाच तो खरा. काप 60 मिमी लांब आणि सुधारणा 10 अंशांची असेल तर आतल्या कडेला फट 10.6 मिमी लागते. 12 अंशांना पावणेतेरा मिमी. लहान चणीच्या बाईंचा काप 50 मिमीचा असेल तर त्याच 10 अंशांना 8.8 मिमीत काम भागतं. घनफळ काढलं तर पहिल्या उदाहरणात पुढून मागे 40 मिमी खोली धरून जवळजवळ साडेबारा सीसी येतं, दुसऱ्यात 35 मिमी खोली धरून पावणेआठ. हाडाचा छेद चौकोनी नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून थोडं कमीच लागतं. ऑर्डर देताना 5 सीसीचं एक पाकीट मागवून ठेवणाऱ्यांनी आणि 20 सीसीचं बिल लावणाऱ्यांनी, दोघांनीही हा गुणाकार एकदा कागदावर करून बघावा.

आता मुद्द्याचं. भराव कोणता, या प्रश्नाआधी भराव हवाच का, हे विचारायला हवं. आणि ते ठरवताना फटीच्या उंचीइतकंच महत्त्व बिजागरीला आहे. प्लेट लांब, लॉकिंग स्क्रूची (स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच अडकतं), वर चार आणि खाली चार स्क्रू घट्ट बसलेले, बाहेरची बिजागरी शाबूत आणि काप दोन पातळ्यांत घेतलेला, म्हणजे टिबियल ट्युबरकलच्या (नडगीच्या पुढच्या उंचवट्याच्या) मागून एक चढता काप वेगळा घेतलेला, असं सगळं असेल तर 10 मिमीपर्यंतची फट काहीही न भरता जुळते. टोमोफिक्स जातीच्या प्लेट 2000 नंतर आल्या तेव्हापासून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कारणही सरळ आहे. पुढच्या चढत्या कापात हाडाला हाड चिकटलेलंच राहतं आणि तिथून लवकर सांधायला सुरुवात होते. मागची फट बिजागरीकडून आतल्या कडेकडे भरत येते. आधीच्या काळातल्या आखूड, लॉकिंग नसलेल्या प्लेटना हे जमत नव्हतं. तेव्हा कंबरेचं हाड घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ती सवय अजून काही ठिकाणी टिकून आहे.

बिजागरी तुटली की चित्र बदलतं. सर्जन ताकेउची यांचं तडकलेल्या बिजागरीचं वर्गीकरण इथं कामाला येतं. पहिल्या प्रकारात तडा टिबिया-फिब्युलाच्या वरच्या सांध्याच्या पातळीतच राहतो. तो बऱ्यापैकी स्थिर असतो, नुसतं वजन उशिरा टाकायला लावलं तरी चालतं. दुसऱ्या प्रकारात तडा त्या सांध्याच्या खाली उतरतो. हा खरा त्रासदायक, कारण खालचा तुकडा हलत राहतो. तिसऱ्यात तडा थेट गुडघ्याच्या सांध्यात, बाहेरच्या पठारावर जातो. दुसऱ्या प्रकारात सुटी बिजागरी तशीच ठेवून फटीत महागातलं महाग मटेरियल ठासून भरणं म्हणजे पैसा वाया घालवणं. आधी बाहेरून एखादा स्क्रू किंवा छोटी प्लेट देऊन कड पकडायची, मग भरावाचा विचार. सी-आर्मखाली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली, बिजागरी नीट बघायची तर गुडघा थोडा आत-बाहेर फिरवून दोन-तीन कोनांतून बघावी लागते. नुसत्या समोरच्या चित्रात दुसरा प्रकार सहज सुटतो.

म्हणजे हाड भरायचं कधी? फट 10-12 मिमीच्या पुढे गेली असेल, बिजागरीबद्दल शंका असेल, रुग्णाचं वजन भरपूर असेल, हाड ठिसूळ असेल, किंवा तंबाखू सुटत नसेल, तेव्हा. यातलं एकही नसताना भराव घालण्याला माझा तरी पाठिंबा नाही. उगाच एक जास्तीची जखम किंवा जास्तीची परकी वस्तू.

भरायचं ठरलं की पुढचा प्रश्न हा की भरावाकडून काम कोणतं करून घ्यायचं आहे. तीन कामं असतात. फट टेकून धरणं. हाडाच्या पेशींना चढायला मचाण देणं. आणि नवं हाड तयार करायची प्रक्रिया सुरू करून देणं. स्वतःचं हाड तिन्ही करतं. दात्याचं हाड पहिली दोन चांगली करतं, तिसरं जेमतेम. कृत्रिम भराव मुख्यतः मचाण, आणि ठोकळ्याच्या स्वरूपात असेल तरच टेकू.

स्वतःचं हाड म्हणजे इलियाक क्रेस्ट, कंबरेच्या हाडाची वरची कड. सगळ्या तुलनांमध्ये मोजपट्टी म्हणून हेच धरलं जातं. टेकू हवा असेल तर तिन्ही बाजूंनी कठीण पापुद्रा असलेला, पाचरीच्या आकाराचा ट्रायकॉर्टिकल तुकडा काढायचा. नुसता भराव हवा असेल तर वरची कड झाकणासारखी उघडून आतलं मऊ हाड चमच्यानं खरवडायचं आणि झाकण परत बसवायचं. दुसऱ्या पद्धतीत कंबर कमी दुखते. छेद कुठं घ्यायचा यावर बरंच अवलंबून आहे. पुढच्या टोकापासून, म्हणजे एएसआयएसपासून, किमान 3 सेंमी मागे राहायचं. त्यापेक्षा पुढे सरकलं की दोन संकटं. मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना नेणारी मज्जातंतू तिथून जाते, ती दुखावली की मांडीवर महिनोन्‌महिने बधिरपणा किंवा जळजळ राहते. आणि टोकाजवळ खोल खाच पडली की पुढे ते टोकच तुटून निघू शकतं. काढलेला तुकडा रक्तानं भिजलेल्या गॉजमध्ये झाकून ठेवायचा, दिव्याखाली उघडा ट्रेमध्ये नाही, आणि शक्य तितक्या लवकर जागेवर बसवायचा. पेशी जिवंत आहेत म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

तक्रार एकच, पण मोठी. पहिले काही दिवस रुग्णाला गुडघ्यापेक्षा कंबर जास्त दुखते. काहींची दुखणी वर्षभर रेंगाळतात. विडी वळायला तासन्‌तास खाली बसणाऱ्या बायकांना कंबरेची ही बाजू नको वाटते, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

जाता जाता एक गोष्ट. बाक फक्त टिबियात नसून मांडीच्या हाडातही असेल आणि दोन्ही पातळ्यांवर दुरुस्ती करायची असेल, तर फीमरमधून क्लोज वेजनं काढलेली पाचर फेकायची नाही. तीच टिबियाच्या फटीत बसते. फुकटातलं, जिवंत, स्वतःचं हाड. कंबरेला हात लावायची गरज उरत नाही.

दात्याचं हाड, म्हणजे अ‍ॅलोग्राफ्ट. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये किंवा खुबा बदलताना निघणारं फेमोरल हेड, म्हणजे मांडीच्या हाडाचं गोल डोकं, हे त्याचं मुख्य उगमस्थान. दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिसची तपासणी झालेली असावी लागते. कायद्याच्या बाजूनं 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 च्या दुरुस्तीनं ऊतीही आल्या, त्यामुळे नोंदणीकृत टिश्यू बँकेतूनच घ्यायचं. ऑपरेशन थिएटरच्या घरगुती फ्रिजात कुणाचं तरी हेड ठेवून वापरायचे दिवस गेले, आणि गेले ते बरं झालं. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक 1988 पासून गोठवून वाळवलेली, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली हाडं तयार करते.

सोलापूरच्या दृष्टीनं दात्याच्या हाडातला फरक तापमानाचा आहे. ताजं गोठवलेलं हाड उणे 70 अंशांच्या खाली ठेवावं लागतं. चारशे किलोमीटरवरून कोरड्या बर्फात आणायचं, इथं पोचल्यावर लगेच वापरायचं किंवा तसाच फ्रीझर असायला हवा, आणि एप्रिल-मे महिन्यात बाहेर 42-43 अंश असताना पार्सल कुठं अडकून कोरडा बर्फ संपला तर ते हाड वापरू नये. ऑपरेशन पुढे ढकललं तर काय करायचं हेही आधीच ठरलेलं असावं. वाळवलेल्या हाडाला हा त्रास नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं पिशवीत आणलं तरी बिघडत नाही, फक्त पाकिटावर लिहिलेल्या तापमानाच्या वर जाऊ द्यायचं नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचं नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. मात्र ते वापरायच्या आधी सलाइनमध्ये निदान अर्धा तास, मोठा तुकडा असेल तर त्याहून जास्त, भिजवावं लागतं. कोरडा तुकडा फटीत ठोकला तर बिस्किटासारखा फुटतो. म्हणून काप घ्यायच्या आधीच भिजत घालायचं, फट उघडल्यावर नाही. किरणांचा नेहमीचा डोस 25 किलोग्रे असतो. त्यापेक्षा जास्त डोस दिलेलं हाड आणखी ठिसूळ होतं, त्यामुळे टेकू म्हणून वापरणार असाल तर पाकिटावरचा डोस वाचा.

माझा कल विचाराल तर मोठ्या फटीला दात्याच्या हाडाची पाचर आणि भोवतीनं त्याचाच चुरा, ही जोडी आपल्याकडे सगळ्यात व्यवहारी आहे. कंबर वाचते, टेकू मिळतो. प्रसिद्ध झालेल्या एकत्रित आढाव्यांतही स्वतःचं आणि दात्याचं हाड जुळण्याच्या बाबतीत एकमेकांच्या जवळपासच येतात. उशिरा जुळण्याच्या किंवा न जुळण्याच्या तक्रारी कृत्रिम भरावात थोड्या जास्त दिसतात.

कृत्रिम भरावांची गर्दी मोठी आहे आणि कंपन्यांचे प्रतिनिधी दर महिन्याला नवं नाव घेऊन येतात, पण आतला माल बहुतेक तोच तीन-चार प्रकारचा. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट, म्हणजे एचए, जवळजवळ विरघळतच नाही. वर्षानुवर्षं एक्स-रेत पांढरं दिसत राहतं. बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे बीटा-टीसीपी, सहा महिने ते दोन वर्षांत विरघळून त्याच्या जागी हाड येतं. दोन्हींचं मिश्रण, बऱ्याचदा 60:40, बायफेजिक म्हणून विकलं जातं. एचए टिकून राहायला आणि टीसीपी जागा करून द्यायला, असा त्यामागचा विचार. चौथं कॅल्शियम सल्फेट, म्हणजे शुद्ध केलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस. हे 4 ते 12 आठवड्यांत विरघळतं. हाड भरून यायच्या आत मचाणच नाहीसं होतं, म्हणून एचटीओच्या फटीत एकट्यानं हे घालू नये. शिवाय विरघळताना जखमेतून पांढुरकं पाणी येतं. ते जंतुसंसर्गाचं नसलं तरी दिसायला तसंच दिसतं, आणि मग कल्चर, अँटिबायोटिक, घरच्यांची धावाधाव, सगळं सुरू होतं.

टीसीपीच्या पाचरी घेताना त्यावरचा सच्छिद्रतेचा आकडा बघायचा. 60 टक्के सच्छिद्र पाचर टेकू देऊ शकते. 75 टक्के सच्छिद्र पाचर चटकन चुरगळते, ती फक्त भरावासाठी. सच्छिद्र जास्त तितकं हाड लवकर आत शिरतं, पण तितकंच ते कमकुवत. दोन्ही एकाच पाचरीत मिळत नाही. पाचर हातोड्यानं ठोकायची नाही. फट स्प्रेडरनं एखाद मिमी जास्त उघडायची, पाचर हातानं सरकवायची, स्प्रेडर सोडायचा. ठोकली की कोपरे तुटतात आणि तुकडे गुडघ्याच्या मागच्या मऊ भागात जातात, जिथं रक्तवाहिन्या आहेत. दाणे वापरत असाल तर आधी रुग्णाच्याच रक्तात किंवा मज्जेत भिजवून लापशीइतके घट्ट करून घ्यायचे. कोरडे दाणे सक्शनमध्ये जातात, फटीत थोडेच राहतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. डीमिनरलाइज्ड बोन मॅट्रिक्सची, म्हणजे खनिज काढून टाकलेल्या हाडाची, पुट्टी हाड तयार होण्याला चालना देते, पण टेकू शून्य. बीएमपी-2, म्हणजे हाड वाढवणारं प्रथिन, महाग आहे आणि या ऑपरेशनला त्याची गरज पडत नाही. पीआरपीनं, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटच्या द्रवानं, एचटीओ लवकर जुळते याला भक्कम आधार नाही. हाडाचं सिमेंट, म्हणजे पीएमएमए, पूर्वी फ्रान्समध्ये टेकू म्हणून घातलं गेलं. ते कधीच हाड होत नाही आणि पुढे सांधा बदलायची वेळ आली की मध्ये आडवं येतं.

पाचर कुठं बसवायची यात जास्त चुका होतात, मटेरियल कोणतंही असो. टिबियाची आतली भिंत तिरकी असते, पुढची बाजू बिजागरीला जवळ आणि मागची लांब. त्यामुळे पठाराचा पुढून मागे असलेला नैसर्गिक उतार कायम ठेवायचा तर पुढे, ट्युबरकलजवळची फट मागच्या-आतल्या फटीच्या साधारण निम्मी ते दोन तृतीयांश असायला हवी. मागे 10 मिमी तर पुढे 5 ते 6.5. पुढे एक मिमी जास्त उघडलं की उतार साधारण दोन अंशांनी वाढतो, गुडघा पूर्ण सरळ व्हायला कुरकुरतो आणि गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटवर ताण येतो. म्हणून टेकूची पाचर नेहमी मागच्या-आतल्या कोपऱ्यात. पुढे जागा दिसते आणि हात सहज पोचतो म्हणून पुढे घातली की उतार हमखास बिघडतो. आधी पाचर, मग सी-आर्मवर उतार, मगच खालचे स्क्रू. क्रम उलटा केला तर प्लेट फट धरून ठेवते आणि पाचर नुसती अडकून राहते, तिच्यावर दाब येतच नाही.

आता सगळ्या मटेरियलना हरवणारी गोष्ट, निकोटिन. आपल्याकडे "मी सिगारेट ओढत नाही" हे उत्तर पुरेसं नसतं. विडी, गुटखा, चुन्याबरोबरचा तंबाखू आणि बायकांच्या बाबतीत मिशरी, हे चारही नाव घेऊन विचारावं लागतं. मिशरीला कुणी व्यसन समजत नाही, दात घासायची पावडर समजतात. रक्तात निकोटिन तेच जातं. ऑपरेशनआधी किमान चार-सहा आठवडे आणि नंतर फट भरेपर्यंत बंद, हे जमणार नसेल तर मोठी ओपन वेज करण्यापेक्षा क्लोज वेजचा विचार करावा. त्यात पाचर काढून हाडाला हाड भिडवतात, भरायला फटच उरत नाही. साखर आणि ड जीवनसत्त्वही आधी तपासायचं. सोलापूरचं ऊन कितीही असलं तरी घरात आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवस काढणाऱ्याच्या अंगाला ते लागत नाही.

वजन किती टाकायचं हे भरावावर नव्हे, प्लेट आणि बिजागरीवर ठरतं. बिजागरी शाबूत आणि प्लेट लॉकिंग असेल तर पहिले काही आठवडे वॉकर घेऊन 15-20 किलो, मग जमेल तसं पूर्ण. 15 किलो म्हणजे किती, हे घरच्या वजनकाट्यावर पाय ठेवून एकदा अनुभवायला लावायचं, नाहीतर कुणी अधांतरी पाय ठेवतो आणि कुणी सरळ चालायला लागतो. "आमचं स्वतःचं हाड घातलंय, मग लवकर चालू ना?" याला उत्तर नाही असंच आहे. आषाढी वारीचा बेत असेल तर ऑपरेशन आदल्या पावसाळ्यानंतरच्या थंडीत उरकलेलं बरं.

एक्स-रे 6 आठवडे, 3 महिने, 6 महिने आणि वर्षानं. इथं कृत्रिम भरावाचा आणखी एक घोटाळा होतो. एचए किंवा टीसीपी पहिल्या दिवसापासून पांढरी दिसते, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात "भरलं की सगळं" असं वाटतं. बघायचं ते पांढरेपण नाही, ठोकळा आणि हाड यांच्यामधली काळी रेघ. ती पुसट होत चालली असेल तर ठीक. तशीच राहिली, किंवा स्क्रूभोवती काळा कोष दिसू लागला, तर सीटी करायचा. काहीच न भरलेल्या फटीत उलट बिजागरीकडून पांढरेपण आत सरकताना स्पष्ट दिसतं, वाचायला सोपं. सहा महिन्यांनी काहीच पुढे सरकलं नसेल आणि चालताना त्याच जागी दुखत असेल, तर वाट न बघता स्वतःचं कंबरेचं हाड घालायची वेळ आली आहे. त्या वेळी मात्र कृत्रिम नको.

प्लेट आतल्या बाजूला कातडीखालीच असते. मांडी घालताना ती टोचते, म्हणून वर्ष-दीड वर्षानं काढून टाकण्याची मागणी येते. फटीत न विरघळलेला एचएचा मोठा ठोकळा असेल तर प्लेट काढण्याआधी सीटीवर ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना हाड चिकटल्याची खात्री करायची, नाहीतर सरळ केलेला पाय पुन्हा बाक घेऊ शकतो. आणि पुढे दहा-पंधरा वर्षांनी सांधा बदलायची वेळ आली तर नव्या सांध्याचा खालचा खुंट नेमका त्याच जागी उतरतो. तिथं काय घातलं आहे हे त्या सर्जनला कळलं पाहिजे. ग्राफ्टच्या, म्हणजे भरावाच्या, पाकिटावर दोन-तीन स्टिकर असतात, ज्यावर मटेरियल, आकार आणि बॅच नंबर छापलेला असतो. त्यातलं एक केसपेपरवर, एक डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कार्डावर नुसतं "बोन ग्राफ्ट घातलं" एवढंच लिहिलेलं असेल तर डिस्चार्ज घेण्याआधी ते पूर्ण लिहून मागा.